व्याही जपानचे, मी देवगडचा: शब्द आणि नावं डोक्यात ठेवायची कशी?

कलमबाग (२६ ऑक्टोबर)

नमस्कार मंडळी.

लेक नागोयाला नोकरीला आहे, गेल्या वर्षी तिथंच लग्न झालं. जावई जपानी, एकदम सालस. आता एप्रिलअखेर व्याही आणि विहीणबाई देवगडला येतायत. २९ एप्रिल ते ५ मे तिकडे सुट्ट्यांची माळ लागते, आणि त्यांना हापूस झाडाला लागलेला बघायचाय. म्हणजे जपानी शिकायला माझ्या हातात सहा महिने.

त्यांच्या हिरागाना लिपीची ४६ अक्षरं दोन आठवड्यांत बसली. अडतंय ते शब्दांत. रात्री वीस शब्द घोकतो, सकाळी बागेत बेणणी चालू असताना आठवून बघतो तर चार उरलेले. लहानपणी रामरक्षा, पावकी-निमकी सगळं पाठ केलेला माणूस मी. पण त्याला चाल होती, हे सगळे सुटे दाणे. नावांचं तर विचारूच नका. जावयाच्या घरची सहा माणसं, सहाही नावं मला एकाच पिठाचे लाडू वाटतात.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंना मोठ्या आदराने ‘ओबाआसान’ म्हणालो. लेकीने कपाळावर हात मारला. ओबासान म्हणजे मावशी-काकू, ओबाआसान म्हणजे आजी. बाई आमच्या हिच्याहून चार वर्षांनी लहान. त्या हसल्या, पण हिने दोन दिवस ते धरून ठेवलंय.

युक्त्या असतील तर सांगा. मोबाईलवरचं काही असेल तर तेही चालेल, फक्त बागेत रेंज नसते.

मिऱ्याबंदर

काका, आधी अभिनंदन. मी रत्नागिरीचा, पुण्यात डिझायनिंगला आहे, जपानी गिऱ्हाइकांशी रोज बोलावं लागतं. जपानीच्या परीक्षेतली एन थ्री पातळी पास.

घोकू नका, खुंटी ठोका. नव्या शब्दाचा नाद मराठीतल्या कशाच्या जवळ जातो ते बघायचं आणि दोघांचं मिळून एक चित्र करायचं. जितकं खुळचट तितकं चांगलं. माझ्या वहीतून:

दारे म्हणजे कोण. दारी कोण आलंय?
दोको म्हणजे कुठे. डोकं कुठे ठेवलंस?
काकु म्हणजे लिहिणे. काकू पत्र लिहितेय.
नाका म्हणजे आत. नका येऊ आत, आत्ताच सारवलंय.
शिता म्हणजे खाली. ताटातलं शीत खाली पडलं.
उरु म्हणजे विकणे. संध्याकाळी उरलेली मासळी विकून टाकायची.
मात्सु म्हणजे वाट बघणे. गळ टाकून मत्स्याची वाट बघत बसलेला माणूस.
मिरु म्हणजे बघणे. मिऱ्यावर उभं राहून समुद्र बघणे. (हे माझ्या घरचं आहे, तुम्ही तुमचं शोधा.)

‘सुरु’ म्हणजे करणे, ते तर आपण जन्मापासून सुरू केलेलं आहे. आणि ‘नाइ’ म्हणजे नाही. वाकारानाइ, कळत नाय. प्रश्नाच्या शेवटी ‘का’, वाक्याच्या शेवटी लाडीगोडीला ‘ने’, म्हणजे आपला ‘ना’. ‘नो’ म्हणजे चा-ची-चे. क्रियापद शेवटी. इंग्रजीतून शिकणाऱ्यांची दया येते मला.

१९७५ मध्ये ॲटकिन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्याबरोबर ही खुंटीची पद्धत रशियन शब्दांवर तपासली होती. ज्यांनी खुंट्या वापरल्या त्यांना शब्द जास्त आठवले.

सरळवाट

माफ करा, पण हा पोरखेळ झाला. आधी काकू आठवायची, मग पत्र, मग क्रियापद. तोवर समोरचा माणूस चहा पिऊन निघून जाईल. आणि ‘जरी’, ‘म्हणून’, ‘अजून’ असल्या शब्दांचं चित्र काढून दाखवा बरं. भाषा वाक्यांतून येते. रोज पाच वाक्यं मोठ्याने म्हणा, बास.

मिऱ्याबंदर

सरळवाट, खुंटी पहिल्या आठवड्यापुरती असते. ‘दोको’ शंभरदा तोंडात आला की डोकं आपोआप गळून पडतं. मला आता ‘नाका’ ऐकून सारवण आठवत नाही. पण पहिल्या आठवड्यात शब्द टिकलाच नाही तर शंभर वेळा वापरणार कसा?

‘म्हणून’चं चित्र होत नाही, मान्य. ते वाक्यातूनच.

शेवंती

मी बरीच वर्षं जपानी शिकवते. माहेर वेंगुर्ल्याचं, म्हणून या धाग्यावर डोकावले.

खुंटीला माझी हरकत नाही. खुंटीने उच्चार ठरवला की मात्र मी वही ओढून घेते. दोको आहे, डोको नाही. जपानी त-द दाताला जीभ लावून म्हणायचे, आपल्यासारखे. आपण ‘टोयोटा’ आणि ‘टोकियो’ इंग्रजीच्या दाराने घेतले म्हणून ट आला. शिता म्हणताना त्यातली इ जवळजवळ गिळतात, श्ता. देसुचं देस् होतं. म्हणजे शीत खाली पडलं ते ठीक, पण बोलताना शीत उचलून टाकून द्या.

आणि ऱ्हस्व-दीर्घ! कलमबाग, तुमचा ओबाआसानचा घोटाळा तिथलाच. दिन आणि दीन, सुत आणि सूत हे ज्याला कळतं त्याला जपानी लांबी कळायला हवी. पण वहीत रोमन लिपीत लिहीत असाल तर ती लांबी दिसतच नाही. देवनागरीत लिहा. आपल्याकडे दीर्घ ओ आणि दीर्घ ए वेगळे नाहीत, तिथे अवग्रह लावा: तोऽक्योऽ. माझे विद्यार्थी आधी हसतात, मग सगळे तसंच लिहायला लागतात.

हाशि म्हणजे पूलही आणि जेवायच्या काड्याही. आमे म्हणजे पाऊसही आणि चघळायची गोळीही. फरक फक्त स्वराच्या चढउतारात. कितीही काकू आणल्या तरी ते खुंटीने येणार नाही, कानानेच यायला हवं.

एक गंमत सांगते, मग थांबते. हिरागानाचा तक्ता कुठल्या क्रमाने पाठ केलात? आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा. हा क्रम आपल्या वर्णमालेचा आहे. बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् लिपी आणि तिचा अभ्यास जपानात गेला, त्यातून तो ठरला. च-वर्गाच्या जागी सा आहे, प-वर्गाच्या जागी हा, कारण जुन्या जपानीत तो ‘प’च होता. जपानी शब्दकोश याच क्रमाने लावलेला असतो. तुम्हाला शब्द शोधायला नवं काही शिकावं लागणार नाही.

विहीणबाईंना ओबासानही म्हणू नका हं. त्यांचं नाव आणि पुढे सान. स्वतःच्या नावाला मात्र सान लावायचं नाही, ते आपणच आपल्याला ‘राव’ म्हणण्यासारखं दिसतं.

कलमबाग

अहो शेवंतीताई, क ख ग घ गिरवताना आमच्या गुरुजींना कुणी हे सांगितलं असतं तर त्यांनी शाळेला सुट्टी दिली असती!

पिंगुळी

मी कुडाळजवळची. वृद्धसेवेच्या कामासाठी जपानला जायची तयारी चाललीय, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी एन फोर आहे. आमच्या कामात शरीराचे अवयव आधी लागतात, ते आम्ही मैत्रिणींनी असे बसवले:

आतामा म्हणजे डोकं. आत्मा डोक्यात असतो असं समजा.
हाना म्हणजे नाक. नाकावर हाणा.
हा म्हणजे दात. ‘हाऽ’ करून दात दाखव.
आशि म्हणजे पाय. अशी पाय पसरून बसू नकोस (ही आमची आजी).
ओनाका म्हणजे पोट. ओ, नका वाढू, पोट भरलं!
मिगि म्हणजे उजवा. मी घेई उजव्या हाताने.
इताइ म्हणजे दुखतंय. ई... ताई, दुखतंय!

शब्द म्हणताना तो अवयव हाताने धरायचा. लिहून पाठ केलेलं परीक्षेत जातं, धरून पाठ केलेलं जात नाही, हा माझा अनुभव. डाव्याला (हिदारि) अजून काही सापडलं नाही. मग उजवा नाही तो हिदारि.

वारांना तर खुंटीच लागली नाही. त्यांचे वार आपल्याच ग्रहांवरून. सोमवार चंद्राचा, मंगळवार आगीचा कारण मंगळाला ते आगीचा ग्रह म्हणतात. बुध पाण्याचा, गुरू लाकडाचा, शुक्र सोन्याचा, शनी मातीचा, रविवार सूर्याचा. गेत्सु, का, सुइ, मोकु, किन, दो, निचि. मंगळ तापट आहे हे आमच्याकडे पत्रिका बघणारा कुणीही सांगेल.

तारवातलो

माका जपानी कळना नाय, पण मासे कळतत. माझो झील बोटीर आसा, जपानी खलाशांवांगडा पाच म्हयने व्हतो. तेना सांगितलेली नावा:

इवाशि म्हणजे तारली. इवलीशी तारली, हेच्यात पाठ काय करूचा?
इका म्हणजे माकुल. माकुल इका बाजारात.
कानि म्हणजे कुर्ली. कुर्लेन कान पकडल्यान.
काइ म्हणजे शिंपलो. शिंपल्यात काय आसा?
सावारा म्हणजे आमच्या इस्वणाचो जपानी भाव.
एबि म्हणजे सुंगटा. हेका खुटी गावाक नाय.

आणि इकुरा म्हणजे ‘केवढ्याक?’. सामन माशाच्या गाभोळीक पण इकुराच म्हणतत. गाभोळी केवढ्याक? इकुरा इकुरा!

शेवंती

खिक्! गाभोळीचा इकुरा मुळात रशियन शब्द आहे, म्हणून दोन्हींचा नाद जुळला तो निव्वळ योगायोग. पण वर्गात आता हेच सांगणार.

लाटेला खुंटी शोधू नका. त्सु म्हणजे बंदर, नामि म्हणजे लाट. त्सुनामी सगळ्यांना माहीत आहे, नामि त्यात फुकट मिळतो. किमोनोमध्ये ‘मोनो’ म्हणजे वस्तू, घालायची वस्तू. मग ताबेमोनो खायची, नोमिमोनो प्यायची. ओळखीच्या शब्दाचे तुकडे करून बघा, पाच-पन्नास शब्द असेच निघतात.

कलमबाग (१९ नोव्हेंबर)

तीन आठवडे करून बघतोय, हिशोब देतो. खुंट्यांनी शब्द बसतात. पण जुने सगळे रोज उजळायला बसलो तर नव्यांना वेळ उरत नाही, आणि सोडून दिले तर जातात. दोनशे झाल्यावर माझी दमछाक झाली.

मग मी अढी लावली. म्हणजे खरंच. गवतात आंबा घातला की आपण रोज सगळा उलथत नाही. तीन-चार दिवसांनी बघतो, पिकत आलेला वेगळ्या थराला, कच्चा परत गवतात. तसे पुठ्ठ्याचे तुकडे केले, पुढे जपानी, मागे मराठी, आणि आंब्याच्या पाच रिकाम्या पेट्या मांडल्या. पहिली पेटी रोज, दुसरी तीन दिवसांनी, तिसरी आठवड्याने, चौथी पंधरा दिवसांनी, पाचवी महिन्याने. आठवला की पुढच्या पेटीत. चुकला की कितीही पुढे गेलेला असो, परत पहिलीत. आता रोज वीस मिनिटं पुरतात. ही म्हणते, घरात आंबा नाही आणि पेट्या सगळ्या खोलीभर.

मिऱ्याबंदर

काका, दंडवत! तुम्ही घरबसल्या लाइटनरची पेटी शोधलीत. सेबास्टियन लाइटनर या जर्मन माणसाने १९७२ मध्ये हीच पद्धत लिहिली, पुठ्ठ्यांसकट. त्याच्याही आधी १८८५ मध्ये एबिंगहाउसने स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर जातं, मग गळती मंदावते. म्हणून पहिली उजळणी लवकर आणि पुढच्या लांब लांब.

अंकी नावाचं ॲप हाच हिशोब आपोआप करतं. २००६ पासून आहे, करणारा स्वतः जपानी शिकत होता. नावच जपानी: आंकि म्हणजे पाठांतर. एकदा शब्द उतरवून घेतले की रेंज लागत नाही.

कलमबाग

पेट्याच बऱ्या. मोबाईल हातात घेतला की मी बाजारभाव बघत बसतो.

सरळवाट

पेट्या पटल्या. पुठ्ठ्यावर सुटा शब्द न लिहिता छोटं वाक्य लिहा, एवढीच दुरुस्ती सुचवतो. काकूंबद्दल माझं मत तेच.

मधलीवाडी

नावांवर अजून कुणी नीट बोललं नाही म्हणून लिहितो. नावांना मी खुंटी लावतच नाही, कारण जपानी आडनावं म्हणजे आपल्या वाड्या.

आमच्या गावात वरचीवाडी, मधलीवाडी, खालचीवाडी आहे. मुरा म्हणजे गाव. नाकामुरा म्हणजे मधल्या गावचे, अर्थात मीच. उएमुरा वरचे, शिमोमुरा खालचे. यामामोतो डोंगराच्या पायथ्याचे. तानाका शेतामधले. कावागुचि नदीच्या मुखाशी राहणारे. इनोउए विहिरीच्या वरच्या अंगाचे. मिउरा म्हणजे तीन खाड्या, आता कोकणातल्या माणसाने हे विसरायचं म्हटलं तरी कसं विसरणार? हामादामध्ये हामा म्हणजे किनारा आणि दा म्हणजे भातशेत. वातानाबेमध्ये ‘तर’ आहे, म्हणजे नदी ओलांडायची जागा. मात्सुशिता म्हणजे पाइनखालचे. तिकडे किनाऱ्यावर पाइन तशी आपल्याकडे सुरूची झाडं, म्हणून मी त्यांना ‘सुरूखालचे’ म्हणतो. (वर मिऱ्याबंदरने मात्सु म्हणजे वाट बघणे सांगितलं. तोही बरोबर, हाही बरोबर. सुरूखाली वाट बघत बसा.) होंडा म्हणजे मूळचं शेत. एवढी मोटरसायकल फिरवली, नावात शेत आहे हे कुठे माहीत होतं.

कारण सोपं आहे. सामान्य माणसाला अधिकृतपणे आडनाव लावायची मुभा तिकडे १८७० मध्ये मिळाली आणि १८७५ मध्ये ते सक्तीचं झालं. मग बऱ्याच जणांनी दाराबाहेर जे दिसत होतं तेच घेतलं. आपण गावाला ‘कर’ लावला, त्यांनी डोंगर-शेत-नदीच्या जोड्या लावल्या.

म्हणून आधी पंधरा-वीस चित्राक्षरं शिका: डोंगर, नदी, शेत, मध्ये, वर, खाली, गाव, झाड, वन, बेट, किनारा, भूशिर, दगड, तोंड. यातूनच शेकडो आडनावं जुळतात. गावंही. हिरोशिमा रुंद बेट, नागासाकी लांब भूशिर, योकोहामा आडवा किनारा. फक्त जोडताना ता चा दा होतो, कुचि चं गुचि. वाक् आणि ईश मिळून वागीश होतं तसं कानाला लागतं, नियम अगदी तोच नाही.

पाळण्यातल्या नावांत जुनी माणसं असतील तर इचिरोऽ थोरला, जिरोऽ दुसरा, साबुरोऽ तिसरा. बायकांच्या नावाच्या शेवटी ‘को’ येतो तो मूल या अर्थाचा.

कलमबाग

हे वाचून अंगावर काटा आला. व्याह्यांचं नाव इथे सांगणार नाही, पण त्यांच्या आडनावात डोंगर आणि शेत दोन्ही आहेत.

तारवातलो

मगे यामादा!

कलमबाग

सांगणार नाही म्हटलं ना!

शेवंती

मधलीवाडी, उत्तम. पुरवणी जोडते. डोंगराच्या त्याच अक्षराचा उच्चार ‘यामा’ही आणि ‘सान’ही. फुजिसानमधला सान आदरार्थी नाही, तो डोंगर आहे. विद्यार्थी इथे रडकुंडीला येतात. मी त्यांना तत्सम-तद्भव आठवायला सांगते. आपण ‘पाणी’ पितो पण ‘जलविद्युत’ म्हणतो, ‘पाणीविद्युत’ नाही. तसं पाणी एकटं असेल तर मिझु, चिनी घरच्या जोडशब्दात सुइ. सुइर्योकु म्हणजे जलशक्ती. आडनावांत बहुतेक घरचे, यामा-कावावाले उच्चार येतात.

पाळण्यातल्या नावांचं मात्र खात्रीने वाचता येत नाही. एकाच अक्षरजोडीचे तीन-चार उच्चार असू शकतात. जपानी माणसंही एकमेकांना विचारतात, तेव्हा बिनधास्त विचारा.

उक्षीचा_बोगदा

काकांची सहा माणसं अजून बसली नसतील तर गाडीत बसवा. वैभववाडी, नांदगाव, कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ, सावंतवाडी. क्रम झोपेतही चुकत नाही. एकेका फलाटावर एकेक माणूस उभा करा, हातात त्याच्या नावातली वस्तू देऊन. व्याही वैभववाडीला, एका हातात डोंगर, दुसऱ्यात भाताची लोंबी. कणकवलीला नणंदबाई, आणि अशी पुढे. कॉलच्या आधी डोळे मिटून एकदा गाडी नेऊन आणा. ग्रीक लोक वाड्यातल्या खोल्या वापरायचे म्हणतात, आपल्याला कोकण रेल्वे आहे.

लेट झाली तर माझ्याकडे तक्रार करू नका.

पिंगुळी (डिसेंबर)

पेपर बरा गेला. ऐकण्याच्या भागात ‘ओनाका ग इताइ’ आलं आणि मी हॉलमध्ये एकटीच हसले. निकाल लागला की सांगते.

अवांतर: जपानीत पावाला पान म्हणतात. आमच्या वर्गात दुकानावरून वाद झाला, पानाचं दुकान की पावाचं.

मिऱ्याबंदर

दोन्ही पोर्तुगीज, पाव तोच आणि पान तोच. आपल्याकडे पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये घेतलं, जपानात ते १५४३ मध्ये उतरले. तंबाखू तिकडे ताबाको. साबणाच्या फुग्याला शाबोनदामा. यांना खुंटी नको, एकाच गलबतातून उतरलेले आहेत.

कलमबाग (९ मे)

धागा वर काढतोय. मंडळी येऊन गेली.

नऊशेच्या वर पुठ्ठे झाले होते. त्यातले ऐनवेळी किती आठवले ते विचारू नका, पण सहाही नावं बिनचूक आली, कणकवलीच्या नणंदबाईंसकट. विहीणबाईंना नाव आणि सान. हिने समाधानाने मान हलवली. बागेत फिरताना ‘दोको’, ‘शिता’, ‘उए’ खूप लागले. आंबा वर, माणूस खाली, आंबे उतरवायची घळ कुठे. सरळवाट म्हणतात ते एका बाबतीत खरं ठरलं: मी शब्द फेकत होतो, वाक्यं लेक जोडत होती.

पण खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी खिशातून एक छोटी वही काढली. ते सहा महिने मराठी पाठ करत होते! लेकीने वाचून दाखवलं. ‘आई’ त्यांना लगेच बसली, कारण आइ म्हणजे प्रेम. ‘नाना’ म्हणजे सात, म्हणून माझ्या भावाच्या नावापुढे सातचा आकडा. ‘मामा’पाशी मोठं प्रश्नचिन्ह, कारण तिकडे पोरं आईला मामा म्हणतात. मला ‘बाबा’ म्हणायला ते पहिल्या दिवशी का चाचरत होते ते तेव्हा कळलं. बाबा म्हणजे म्हातारी. माझ्या ओबाआसानची फिटंफाट झाली.

आणि एका पानावर लुगडं नेसलेली, हातात लेखणी घेतलेली बाई काढलेली. खाली काताकाना या त्यांच्या दुसऱ्या लिपीत ‘काकू’. मी माझा पुठ्ठा आणून शेजारी ठेवला. दोघेही बराच वेळ काही बोललो नाही, मग एकदम हसायला लागलो.

माझ्या आईला मात्र ते ‘आजी’ म्हणताना प्रत्येक वेळी गालात हसायचे. शेवटच्या दिवशी विचारलं. आजि नावाचा मासा असतो म्हणे, बांगड्यासारखा दिसणारा, आणि फार चवीचा.

तारवातलो

मगे आजी तळून खाल्ल्यानी काय तिखल्यात? हलके घ्या.